पुढचे शॉकअप बदलताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: माझी 1993 ची यामाहा आरएक्स 100 आहे. डाव्या फोर्क पाइपवर (पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर) गंजाचे खड्डे पडलेत. दोनदा सील बदललं तरी तेल गळतंच. शिवाय एकदा मोठ्या खड्ड्यात आदळल्यापासून हँडल सरळ धरलं तरी गाडी डावीकडे ओढते. दुकानदार म्हणतो, "आरएक्स 135 चे बसतील, दुसऱ्याही एकदोन गाड्यांचे बसतील, पूर्ण जोडीच बदला." काय घ्यावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: जोडी घ्यायची घाई करू नका. आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 या काळात बनली. तिचे मूळ बॉटम केस (पाइप ज्यात सरकतो ते खालचं ओतीव आवरण) चांगल्या अवस्थेत असतील तर ते आज पैसे देऊनही सहज मिळत नाहीत. तुमच्या पत्रावरून खराब झालेला भाग पाइप आहे, अख्खा शॉकअप नव्हे. गाडी ओढते याचं कारण आधी शोधा, खरेदी नंतर.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचला. एक्सल आणि खालच्या टीचे (टी म्हणजे दोन्ही पाइप धरणारा आडवा तुकडा, एक वर, एक खाली) बोल्ट सैल करा, वरचेही सैल करा, चाक गुडघ्यांत धरून हँडल हलकेच सरळ करा आणि पुन्हा आवळा. पुष्कळदा आदळल्यावर पाइप टीमध्ये फिरून पिळलेले असतात आणि एवढ्यानेच गाडी सरळ होते. नाही झाली तर पाइप काढून तपासा. वाक जवळजवळ नेहमी खालच्या टीच्या लगेच खाली येतो. जाड, सपाट काचेवर पाइप हळूहळू लोळवा. काच आणि पाइप यांच्यामधून येणारा उजेड एका जागी कमीजास्त होत असेल तर पाइप वाकलाय. लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉक (पाइप टेकवायची खाच) आणि डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळी माप) असतं. त्यावर फिरवून 0.2 मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर तो पाइप ठेवू नये. हायड्रॉलिक प्रेसवर किरकोळ वाक निघतो, पण घडी किंवा सुरकुती पडली असेल तर पाइप भंगारात टाका. ब्रेक मारताना सगळा जोर त्याच जागी येतो.

पाइप सरळ निघाला तर टी बघा. दोन्ही पाइप टीमध्ये घालून आवळा आणि त्यांच्यावर काचेचा सपाट तुकडा ठेवा. काच चारही टोकांना टेकली पाहिजे. कर्णावर डुगडुगली तर टी पिळली आहे.

आता पाइप कुठून आणायचे? नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात फक्त गाडीचं नाव सांगितलंत तर तुमच्या हातात काहीही येईल. आरएक्स 135 पासून शोध सुरू करणं बरोबर, ती याच घराण्यातली. पण व्हर्निअर (व्यास मोजायची सरकपट्टी) खिशात हवंच. जुना पाइप सोबत न्या आणि ही मापं जुळवा: बाहेरचा व्यास, वरच्या भागात जिथे सील कधी घासलेलं नाही तिथे मोजलेला (आरएक्सला 30 मि.मी.); टोकापासून टोकापर्यंत लांबी; वरच्या बोल्टाचे आटे; खालच्या टोकाचा आकार, म्हणजे आतला डँपर रॉड (उसळी आवरणारी दांडी) आणि बुश त्यात बसतो की नाही. व्यास जुळला म्हणजे पाइप जुळला असं नाही. खालचं टोक वेगळं असेल तर शॉकअप पूर्ण उघडला की आत ठोके बसतात किंवा रॉड अडकतो.

नकली पाइप ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. जुना आणि नवा एकेक करून ठेवा. लांबी तीच आणि वजन बरंच कमी असेल तर भिंत पातळ आहे. तीन ठिकाणी व्यास मोजा. चांगल्या पाइपमध्ये फरक व्हर्निअरला जाणवतही नाही.

मनासारखा पाइप मिळाला नाही तर जुन्यालाच हार्ड क्रोम करून घ्या. भोसरी, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड करणारे हे काम जाणतात. त्यांना स्पष्ट सांगा: जुनं क्रोम उतरवा, खड्डे संपेपर्यंत ग्राइंड करा, जाड थर चढवा आणि परत मूळ मापाला ग्राइंड करा. बंपरला चमक आणणाऱ्याकडे जाऊ नका. त्याचा क्रोमचा थर निकेलवर नावापुरता असतो आणि सीलच्या ओठाखाली (पाइपला घासणाऱ्या रबरी कडेखाली) काही महिन्यांत सोलून येतो. खड्डे फार खोल असतील तर ग्राइंडिंगमध्ये भिंत पातळ होते. असा पाइप करू नका.

उघडताना सगळ्यात जास्त वेळ खातो तो बॉटम केसच्या तळातला ॲलन बोल्ट. तो फिरवला की आतला रॉडही सोबत फिरतो. म्हणून वरचा बोल्ट काढण्याआधी, स्प्रिंगचा दाब असतानाच हा बोल्ट सैल करून ठेवा. त्याखालचा तांब्याचा वॉशर नवा टाका, नाहीतर सील उत्तम असूनही तेल खालून झिरपेल. सील चढवताना पाइपच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढा आणि तिला तेल लावा, म्हणजे धारेने ओठ कापला जात नाही.

तेल भरताना गळून उरलेलं जुनं तेल मोजून तेवढंच ओतलंत तर कमी पडेल. स्प्रिंग बाहेर ठेवा, पाइप पूर्ण खाली दाबा, हवा निघेपर्यंत दहाबारा वेळा वरखाली करा आणि पाइपच्या वरच्या काठापासून तेलाची पातळी पट्टीने मोजा. दोन्हीकडे ती एकसारखी हवी, दोन मि.मी.हून जास्त फरक नको. तेलावरची कोंडलेली हवासुद्धा स्प्रिंगसारखं काम करते. एका बाजूला तेल जास्त असेल तर ती बाजू शेवटच्या टप्प्यात कडक होते आणि चाक तिरकं ढकललं जातं.

एक गोष्ट कधीच विसरू नका. चाक बसवताना ब्रेक प्लेटची खाच बॉटम केसवरच्या उंचवट्यात बसली पाहिजे. ती सुटली तर पहिल्याच ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जाम होतं. दुसऱ्या गाडीचे बॉटम केस टाकणाऱ्यांच्या बाबतीत हा उंचवटा हमखास जुळत नाही. कोणी म्हणेल, "वेल्डिंग मारून देतो." ॲल्युमिनियमच्या ओतीव केसवर असं वेल्डिंग स्वीकारू नका. तिथे तुमचा जीव टांगलेला असतो.

प्रश्न: आरएक्स 135 ला यामाहाच्याच एफझी चे जाड शॉकअप, डिस्क ब्रेक आणि चाक लावायचं आहे. वर्कशॉपवाला म्हणतो, फक्त टी लेथवर करून घ्यायची. काही अडचण?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: एफझी चे पाइप 41 मि.मी. आहेत, म्हणजे एफझी ची टीही आली. तिचा मधला दांडा तुमच्या फ्रेमच्या डोक्यात (हँडल ज्यात फिरतं त्या नळीत) बसायला हवा: कोन सेटच्या (तिथल्या बेअरिंगच्या) दोन बैठकांमधलं अंतर आणि दोन्ही ठिकाणचा व्यास जुळला पाहिजे. दांडा दाबून काढून दुसरा घालणं शक्य आहे, पण ते प्रेस-फिट आणि नेमक्या मापाचं काम आहे. नुसतं वेल्डिंग करून दांडा लावणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

खरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. टी पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने गिरवा. दोन्ही पाइपची केंद्रं जोडणारी रेघ मारा. दांड्याच्या केंद्रापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे ऑफसेट. जुनी आणि नवी टी दोन्ही अशा गिरवून बघा. समजा चाकाची त्रिज्या 300 मि.मी. आहे आणि डोकं उभ्या रेषेपासून 27 अंश कललेलं आहे. तर ऑफसेट 10 मि.मी. वाढला की ट्रेल सुमारे 11 मि.मी. कमी होतो. ट्रेल म्हणजे स्टीअरिंगची रेषा जमिनीला जिथे भेटते तिथून टायरच्या टेकण्यापर्यंतचं अंतर, आणि याच्याच जोरावर गाडी सरळ धावते. पुढची उंची 25 मि.मी. उतरली तर साधारण सव्वा मीटर व्हीलबेसच्या गाडीचं डोकं एक अंशाहून थोडं जास्त उभं होतं, ट्रेल आणखी सहासात मि.मी. जातो. दोन्ही एकदम झालं की गल्लीत गाडी हलकी वाटते आणि हायवेवर ट्रक शेजारून गेला की हँडल थरथरतं.

म्हणून जुन्या शॉकअपची लांबी आधी लिहून ठेवा: पूर्ण उघडलेला असताना एक्सलच्या केंद्रापासून खालच्या टीपर्यंत. नव्याची लांबी त्याच्या जवळ आणा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. जाड पाइप टाकीला टेकतात, आणि त्यासाठी स्टॉपर (हँडल ठरावीक जागी थांबवणारा उंचवटा) घासून काढणारे गाडीची टाकी आणि स्वतःचे अंगठे दोन्ही धोक्यात घालतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि अपघातात विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. आमचं मत विचाराल तर, चांगली आरएक्स मूळ रूपात, ताज्या ब्रेक शूजवर आणि खऱ्या गोल ड्रमवर चालवा. ड्रम लेथवर गोल करून घेतला आणि शूज पूर्ण टेकवून बसवले की या गाडीच्या वजनाला तो पुरतो.

प्रश्न: 1980 च्या दशकातल्या बुलेटला नंतरच्या डिस्कवाल्या बुलेटचे शॉकअप सरळ लागतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: सरळ नाही. जुन्या बुलेटमध्ये हेडलाइटचं मोठं ओतीव घर हाच वरच्या टीचा भाग आहे, पाइपची वरची टोकं त्यातच धरली जातात. त्यामुळे शॉकअप बदलायचे म्हणजे हेडलाइटचं घर, खालची टी, चाक, एक्सल, डिस्कचा मास्टर सिलिंडर असा संच हलतो. एकाच गाडीतून उतरवलेला पूर्ण संच मिळाला तरच हात घाला. दिल्लीच्या करोल बागेत असे संच मिळतात, पण तिथेही मापं घेऊनच व्यवहार करा. सुटे भाग चार दुकानांतून गोळा केले की शेवटी स्पेसर घडवत बसावं लागतं. हेडलाइटचं जुनं ओतीव घर तुटलेलं नसेल तर ते तेलकट कापडात गुंडाळून ठेवा, विकू नका.

प्रश्न: पाइप नवे, सील नवं, तरी महिन्याभरात तेल येतं.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: सीलवर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जाडी कमी असलेलं सील बसतं, पण वरची लॉक रिंग त्याला धरत नाही आणि ते हळूहळू वर सरकतं. आकडे बरोबर असतील तर बॉटम केसमधली सीलची बैठक बोटाने चाचपा. जुनं सील स्क्रू-ड्रायव्हरने उपसताना पडलेला ओरखडा नखाला लागतो, आणि तेल सीलच्या बाहेरच्या कडेने येतं. बारीक पॉलिश पेपरने ओरखड्याची उठलेली कड काढा. आणखी एक कारण: एक्सल पक्का करण्याआधी गाडी वरखाली दाबून चाक जागेवर बसू दिलं नाही तर शॉकअपचे दोन पाय समांतर राहत नाहीत आणि सीलचा ओठ एका बाजूनेच घासतो. एक्सल धरणारा खालचा चिमटा सैल ठेवा, पुढचा ब्रेक धरून गाडी पाचसहा वेळा जोरात दाबा, मग चिमटा आवळा.