तारा विकत मिळतो का? आणि आकाशाबद्दल वाचकांचे आणखी प्रश्न

प्रश्न : ताई, माझ्या नवऱ्याला मे महिन्यात ३७ पूर्ण होतायत. शर्ट, घड्याळ, पाकीट सगळं देऊन झालंय. परवा ऑनलाइन जाहिरात बघितली, की खऱ्या ताऱ्याला आपल्या माणसाचं नाव देता येतं, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि आकाशाचा नकाशा घरपोच येतो. मला तर फारच आवडलं पण बहीण म्हणते पैसे वाया घालवू नकोस. काय करू?

उत्तर : तुला हे का आवडलं ते मला अगदी कळतंय, पण या बाबतीत बहिणीचं ऐक. ताऱ्यांची अधिकृत नावं ठरवते ती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना, १९१९ पासूनची संस्था, जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिचे सभासद आहेत, आणि ती नावं विकत नाही, कुणाला विकायचा हक्कही तिने दिलेला नाही. २०१६ मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या नावांसाठी वेगळा गट केला आणि वेगवेगळ्या संस्कृतींमधली जुनी नावं तपासून यादी करायला घेतली, त्या यादीत आपली रेवती आणि भरणीसुद्धा आहेत (हे वाचून मला किती आनंद झाला होता सांगू!). जाहिरातवाली कंपनी विकते ती तिच्या स्वतःच्या वहीतली एक नोंद. उद्या दुसऱ्या कंपनीने तोच तारा दुसऱ्याच कुणाच्या नावाने विकला तर तिला अडवणारं कुणी नाहीये, आणि शास्त्रज्ञ तर त्या ताऱ्याला कॅटलॉगमधल्या नंबरानेच ओळखत राहणार.

मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. अख्ख्या आकाशात मिळून नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे तारे साधारण ९ हजार, आणि गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीत जवळजवळ १८० कोटी, म्हणजे असे विकले जाणारे तारे बहुतेक वेळा इतके मंद असतात की दुर्बिणीशिवाय दिसतच नाहीत. वाढदिवसाला गच्चीवर गेलात आणि त्याने विचारलं कुठाय माझा तारा, तर तू काय दाखवणार?

त्यापेक्षा हे कर. स्वाती ही तारका आपल्यापासून सुमारे ३७ प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे या मे महिन्यात तिचा जो प्रकाश तुमच्या डोळ्यात येईल तो तिथून निघाला तेव्हा तुझा नवरा साधारण पाळण्यात होता, आणि तो इकडे मोठा होत होता, शाळेत जात होता, तुला भेटला, त्या सगळ्या काळात तो प्रकाश वाटेतच होता. शोधायलाही सोपी आहे. मेमध्ये रात्री आठ-नऊच्या सुमाराला सप्तर्षी बघायचे, त्यांची शेपटी जशी वळलीये तशीच पुढे वळवत न्यायची की पहिला ठळक, नारिंगी झाक असलेला तारा लागतो तीच स्वाती. तशीच पुढे गेलीस तर निळसर पांढरी चित्रा, ती मात्र जवळजवळ २५० प्रकाशवर्षांवर. नकाशा स्वतःच्या हाताने काढ, वाकडातिकडा आला तरी चालेल, आणि मागे चार ओळी लिही.

बाकीच्या वाचकांसाठीही सांगून ठेवते, कारण हे कुणालाही जमण्यासारखं आहे. आठ-नऊ वर्षांचं पोर असेल तर व्याध (८.६ प्रकाशवर्षं), सतरा लागणार असेल तर श्रवण, पंचविशीला अभिजित, त्रेचाळीसला ब्रह्महृदय, पासष्टीला रोहिणी, आणि आजी एकोणऐंशीची असेल तर मघा. अंतरं थोडी इकडेतिकडे धरायची, आणि तो तारा संध्याकाळी कुठल्या महिन्यात दिसतो तेवढं आधी बघून घ्यायचं.

प्रश्न : माझे वडील गेले तेव्हा मैत्रिणीने त्यांच्या नावाच्या ताऱ्याचं सर्टिफिकेट दिलं होतं. तीन वर्षं ते देवघराशेजारी लावलंय. आता कळलं की ते अधिकृत नाहीये. तेव्हापासून त्याच्याकडे बघवत नाही आणि काढूनही टाकवत नाही. मैत्रिणीला सांगू का?

उत्तर : काढू नका. आणि मैत्रिणीला तर सांगूच नका, तिने तुमच्या सगळ्यात वाईट दिवसांत तुमचा विचार केला होता, ते खरंच आहे ना.

आता सर्टिफिकेट हातात घ्या आणि त्यावर दोन आकडे आहेत का बघा, विषुवांश आणि क्रांती. पृथ्वीवर जसे रेखांश-अक्षांश तसा हा आकाशातला पत्ता. स्टेलॅरियम नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हा पत्ता टाकला की त्या जागी कुठला तारा आहे, त्याचा कॅटलॉग नंबर काय, प्रत किती ते दिसेल. प्रत म्हणजे तेजस्वीपणाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद. सहापर्यंत असेल तर शहराच्या उजेडापासून लांब गेल्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आठ-नऊ असेल तर अंधाऱ्या जागी साधी हातातली दुर्बीणही चालते, त्याच्यापुढे मात्र आकाश निरीक्षण करणाऱ्या एखाद्या गटाकडे जा आणि स्पष्ट सांगा की वडिलांसाठी हा तारा बघायचाय. लाजू नका.

आणि एक सांगते. गस ग्रिसम नावाचे अंतराळवीर होते. अपोलोसाठी वाट ओळखायला लागणाऱ्या ताऱ्यांच्या यादीत त्यांनी गमतीने तीन नावं घातली, नावी, ड्नोसेस आणि रेगॉर, म्हणजे त्यांचं मधलं नाव आयव्हन आणि दोन सहकाऱ्यांच्या नावांतले तुकडे उलटे लिहिलेले. जानेवारी १९६७ मध्ये सरावाच्या वेळी यानाला आग लागली आणि तिघेही गेले. नंतर त्यांच्या सोबत्यांनी ती नावं तशीच वापरत ठेवली. शर्मिष्ठा या तारकासमूहाचा आकार इंग्रजी डब्ल्यूसारखा दिसतो, त्यातला मधला तारा म्हणजे नावी, आजही लोक त्याला त्या नावाने ओळखतात, आणि यासाठी कुणी कुणाला पैसे दिले नव्हते. तुमच्या घरात त्या ताऱ्याला बाबांचं नाव असायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मग आकाशातल्या कशालाच अधिकृतपणे माणसाचं नाव देता येत नाही का?

उत्तर : येतं की, फक्त विकत घेता येत नाही! लघुग्रह ज्याने शोधला त्याला नाव सुचवायचा मान मिळतो, नाव सोळा अक्षरांच्या आत बसायला लागतं, आणि राजकारणी किंवा सैनिकी व्यक्ती असेल तर तिला जाऊन १०० वर्षं व्हायला लागतात. पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह आहे, क्रमांक ३००१२८. ताऱ्यांचं असं क्वचितच होतं. २०१९ मध्ये खगोलशास्त्रीय संघटनेने शंभरी निमित्त शंभरहून जास्त देशांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव द्यायला दिला होता, त्यात आपल्या वाट्याच्या ताऱ्याचं नाव ठरलं बिभा, विश्वकिरणांवर काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि ग्रहाचं संतमस.

आणि धूमकेतू! तो शोधला तर सुचवायचीही गरज नाही, शोधणाऱ्याचं आडनाव त्याला आपोआप लागतं. आता बरेचसे आपोआप चालणाऱ्या दुर्बिणी शोधतात, पण हौशी माणसांना अजूनही सापडतात. पहाटे सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला आणि संध्याकाळी तो मावळल्यावर पश्चिमेला, सूर्याच्या जवळचं आकाश मोठ्या दुर्बिणींना नीट बघता येत नाही, तिकडे शोध.