मुरुडशेंगेचे बी का उगवत नाही?

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर ऐन आणि किंजळाची जुनी झाडे आहेत. त्यांच्या कडेने मुरुडशेंग लावावी, म्हणजे शोभाही येईल आणि पक्षीही येतील, असा विचार आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून शेंगा आणून जूनमध्ये बी पेरले. पण एकही रोप उगवले नाही. काय चुकले असावे?
— एक वाचक, भोर

उत्तर : निवड उत्तम आहे, चूक बियांच्या बाबतीत झाली असावी. दुकानातल्या शेंगा औषधासाठी साठवलेल्या, बहुधा जुन्या आणि अनेकदा किडलेल्या असतात. त्याऐवजी झुडपावरच तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागलेल्या शेंगा उन्हाळ्याआधी गोळा कराव्यात. ताज्या बियांचेही कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. म्हणून उकळलेले पाणी विस्तवावरून उतरवून त्यात बी टाकावे, रात्रभर तसेच राहू द्यावे आणि सकाळी जे फुगले असेल तेवढेच पिशव्यांत पेरावे. न फुगलेले पॉलिश पेपरवर हलके घासून पुन्हा भिजवावे.

पावसाने जोर धरला की रोपे सुमारे दोन मीटर अंतराने लावावीत, मात्र झाडांच्या बुंध्याशी नव्हे, तर सावलीच्या कडेला. गर्द सावलीत झुडूप जगते, पण फुलांच्या बाबतीत हात आखडता घेते, आणि तुम्हाला हवी आहेत ती फुलेच. पावसाळ्याच्या मध्यापासून थंडीपर्यंत येणारी ही फुले उमलताना विटकरी लाल असतात आणि नंतर निळसर राखाडी होतात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. मधासाठी सूर्यपक्षी चोच खुपसतो, तेव्हा फुलाबाहेर आलेल्या लांब दांड्याच्या टोकावरचे पराग त्याच्या डोक्याला लागतात. पाने गुंडाळलेली दिसली, तर औषध फवारू नका. 'गोल्डन अँगल' या फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. उन्हाळ्यात हे झुडूप निष्पर्ण होते आणि पीळदार शेंगांखेरीज त्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही. मध्येमध्ये सदाहरित करवंद लावले, तर ती उघडीवाघडी रांग झाकली जाईल. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. पुढे झुडूप फार पसरले, तर शेंगा वाळल्यावर खालून छाटावे; बुंध्यातून ते पुन्हा जोमाने फुटते.