आधी चालताना बघ

प्रिय मुली,

काल फोनवर तू तीनदा म्हणालीस, ‘सर, स्कोअर 1.8 होता.’ होता, मान्य. म्हणजे ऑपरेशनमध्ये दगावण्याचा अंदाज 1.8 टक्के. तशा शंभरांतले दोनेक जातात आणि त्या दोघांत आपली ही पेशंट आजी नसेल असं स्कोअरने कधीच म्हटलं नव्हतं. बायपास नीट झाली, ग्राफ्ट, म्हणजे जोडलेल्या नव्या रक्तवाहिन्या, चालू होते, तरी व्हेंटिलेटर सुटला नाही आणि आजी गेल्या. मला एवढंच सांग, ऑपरेशनआधी आजींना चालताना पाहिलं होतंस?

नसणारच. गेटवर वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन उभा असतो. तिथून एक्स-रे, इको, वॉर्ड, थेट ओटी. मुलगा म्हणतो, ‘घरातलं सगळं करते’, आणि आपण तेच केसपेपरवर उतरवतो.

तुझा स्कोअर ज्यातून येतो त्या युरोस्कोअर टू मध्ये हालचालीची चौकट आहे, पण ती हाडं, सांधे किंवा मज्जासंस्थेच्या आजाराने खिळलेल्यांसाठी. नुसती थकलेली, हळू चालणारी बाई त्यात बसत नाही. म्हणून चालताना बघ. कॉरिडॉरमध्ये पाच मीटरवर दोन खुणा कर, नेहमीच्या चालीने तीनदा चालव, सरासरी काढ. सत्तरीपुढच्या हृदयशस्त्रक्रियेच्या पेशंटांवरचा 2010 चा अभ्यास आहे: सहा सेकंद किंवा जास्त लागणाऱ्यांना मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंतीचा धोका सुमारे तिप्पट. घड्याळ तर तुझ्या मनगटावरच आहे ना?

माझा एक पेशंट होता, विडी ओढणारा. कॅन्सरसाठी उजव्या फुफ्फुसाचा वरचा लोब, म्हणजे वरचा भाग, काढायचा होता. मी हिशोब मांडला: दोन्ही फुफ्फुसांचे मिळून 19 सेगमेंट (छोटे भाग), तीन जाणार, 16 उरणार, दोन लिटरचा एफईव्ही-वन (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) उतरून 1.7 च्या आसपास. हिशोब आजही बरोबरच आहे. माणूस नवव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. नंतर बायको म्हणाली, ‘दोन महिने झाले, वर खोलीत येताना मधल्या पायरीवर बसायचे.’ चाळीचा दुसरा मजला! फुफ्फुसाच्या ऑपरेशनआधी पेशंटला 22 मीटर उंचीचा जिना चढवून बघायला सांगितलंय, म्हणजे साधारण सात मजले. मी एकही चढवला नव्हता. ओपीडी तुडुंब असायची, कॅन्सर थांबत नाही, दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं... जाऊ दे. हे मी स्वतःला वीस वर्षं सांगतोय.

तेव्हापासून मी जिन्यावर पेशंटच्या मागे उभा राहतो. ज्युनिअर हसतात. हसू देत. (तू मात्र हृदयाच्या पेशंटला जिन्यावर नेऊ नकोस. लेफ्ट मेनमध्ये, हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीत, ब्लॉक असलेला तिथेच कोसळेल आणि तू माझं नाव सांगशील. आणि बसल्याजागी छातीत दुखतंय त्याला तर कॉरिडॉरही नको.)

मग हळू चालणाऱ्यांचं करायचंच नाही का, असं विचारू नकोस. करायचं गं! पण थांबता येत असेल तर आधी काही आठवडे विडी बंद, श्वासाचे व्यायाम, ते तीन चेंडूंचं यंत्र, पोटात थोडं प्रथिन. आणि नातेवाइकांना ‘दोन टक्के’ सांगून मोकळं व्हायचं नाही. त्यांच्यासमोरच चालव. पेशंट कसा चालतो हे त्यांनीही कित्येक दिवसांत पाहिलेलं नसतं.

राजीनाम्याचं पत्र लिहिलंयस म्हणालीस. असू दे ड्रॉवरमध्ये, माझंही आहे. सोमवारी सहा नंबरच्या आजोबांची व्हॉल्व्हची केस आहे ना? त्यांच्या चपला कॉटखाली आहेत की मुलाने घरी नेल्या, ते आज रात्रीच बघून ये.

तुझा,
सर