चर्च त्यांच्या नावावर नाही

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला, परत वाचला, आणि खरं सांगू का, आधी तुझ्यावरच वैतागले. एवढं सगळं लिहून शेवटी विचारतेस काय, तर "टीचर, मी आता कॅथलिक राहू शकते का?" म्हणजे दुसऱ्या एका फादरनी मुलाशी केलेलं गैरवर्तन माहिती असून वर्षानुवर्षं गप्प बसले तुमचे फादर, "काही अयोग्य वर्तन" असलं गुळमुळीत पत्र काढलं बिशपनी, आणि राजीनामा द्यायला निघालीस तू!

धीर वगैरे द्यायला मी लिहीत नाहीये. प्रार्थना कर, सगळं ठीक होईल, असं सांगणारे तुला ढीगभर भेटतील आणि त्यातल्या निम्म्यांना तू फक्त गप्प बसायला हवी असतेस. तुझी श्रद्धा आहे हे मला माहितीये, नसती तर तुझी झोप कशाला उडाली असती. मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी पत्रभर सांगणार आहे, कंटाळलीस तरी चालेल. चर्च त्यांच्या, त्या फादर-बिशपांच्या, नावावर नाही.

तुझा पहिला प्रश्न, कन्फेशनचा, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याचा. ज्या माणसाने दुसऱ्या फादरची तक्रार दाबून ठेवली त्याच्याकडे तू इतकी वर्षं कन्फेशन केलंस, मग ती पापमुक्ती खरी होती का? होती. हा प्रश्न तुला पहिल्यांदा पडलेला नाही, याच प्रश्नावरून उत्तर आफ्रिकेतलं अख्खं चर्च फुटलं होतं. ३०३ साली रोमन बादशहा डायोक्लेशनने ख्रिश्चनांचा छळ सुरू केला तेव्हा काही धर्मगुरूंनी जीव वाचवायला पवित्र ग्रंथ सरकारी माणसांच्या हवाली केले, आणि छळ थांबल्यावर डोनाटिस्ट म्हणवणारा गट म्हणाला की अशा गद्दारांनी दिलेले बाप्तिस्म्यासारखे संस्कार आम्ही मानत नाही. शंभर वर्षं ते भांडण चाललं. तिथलाच बिशप संत ऑगस्टीन त्यांना पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिला, की बाप्तिस्मा पेत्राने दिला तरी खरा देणारा ख्रिस्त आणि येशूला दगा देणाऱ्या यहुदाने दिला तरी खरा देणारा ख्रिस्तच. संस्कार फादरांच्या खिशातून येत नाहीत गं. त्यांच्या नावावर नाहीत ते.

पण इथेच लोक गफलत करतात आणि मुद्दाम करतात. संस्कार वैध आहेत ना, मग फादरांबद्दल बोलायचं नाही! हे कुठून आलं? ऑगस्टीनने संस्कारांची ग्वाही दिली, माणसाच्या चारित्र्याची नाही. मिस्सा, म्हणजे आपली चर्चमधली उपासना, खरी आहे आणि मिस्सा करणारा माझ्या विश्वासाला पात्र नाही, ही दोन वाक्यं एका दमात म्हणता यायला हवीत. मला हे म्हणायला शिकेपर्यंत केस पांढरे झाले, तू आत्ता शीक. येशूने सुद्धा शास्त्री-परुशांबद्दल, म्हणजे त्या काळच्या धर्मपंडितांबद्दल, लोकांना हेच सांगितलं होतं, मोशेच्या आसनावर बसलेत म्हणून ते सांगतील ते करा पण ते करतात तसं करू नका. आसन वेगळं, बसणारा वेगळा.

आता माझंही थोडं ऐक, नाहीतर म्हणशील टीचर नुसतं ज्ञान देतेय. मी आमच्या चर्चच्या फायनान्स कमिटीवर होते तेव्हाची गोष्ट. छताच्या दुरुस्तीसाठी वर्गणी झाली, लोकांनी पोटाला चिमटा काढून दिली, आणि छत होतं तसंच राहून ऑफिसचं फर्निचर आणि साउंड सिस्टीम नवी आली. मी विचारलं. तोंडी विचारलं तेव्हा आमच्या फादरांनी हसून टाळलं, म्हणून लेखी विचारलं, आणि पत्रात चर्चच्या कायद्यातल्या कलमाचा, कॅनन १२६७ चा, आधार दिला, ज्यात स्वच्छ म्हटलंय की ज्या कारणासाठी पैसे दिले त्याच कारणासाठी वापरायचे. पुढच्या रविवारी प्रवचनात ऐकलं की पैशांची थैली यहुदाकडे असायची आणि आजही काहींचा जीव थैलीतच अडकलेला असतो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. त्यानंतर मिस्सेत वाचन करणाऱ्यांच्या यादीतून नाव गेलं, पुढे कमिटीतूनही.

मी मात्र जागा बदलली नाही. तोच बाक. कम्युनियनला त्यांच्याच रांगेत जायची, ते माझ्या हातावर होस्त, म्हणजे पवित्र भाकर, ठेवताना "ख्रिस्ताचं शरीर" इतकं पुटपुटत म्हणायचे की ओठ हलले तर हलले, आणि मी मागच्या भिंतीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने आमेन म्हणायची. लोकांना वाटायचं बाईची भक्ती काय आहे! भक्ती होतीच, पण हट्टही होता, आणि त्या हट्टाची मला आजही लाज वाटत नाही.

माझी एक मैत्रीण होती, कॉयरमध्ये माझ्या शेजारी उभी राहायची. ती त्याच काळात चर्च सोडून गेली, कायमची. जाताना मला म्हणाली, तू तिथे बसतेस ना, तुझ्या बसण्याने त्यांचा बाक भरतो, त्यांना दाखवायला होतं की बघा सगळं ठीक चाललंय. हे वाक्य मला अजून टोचतं. मी स्वतःला सांगत आले की मी भिंतीला टेकून गप्प बसलेली नव्हते, मी विचारत होते, आणि जो विचारतो तो निघून गेला की त्यांना हवंच असतं ते. प्रश्न विचारणाऱ्या दहा बायका एकदम निघून गेल्या तर कोणाची सोय होते सांग ना? उरतात कोण, टाळ्या वाजवणारे. मला माझं म्हणणं पटतं. तिला नाही पटलं. आमचं बोलणं हळूहळू बंद झालं, आणि त्या एका गोष्टीसाठी मात्र मला कुणावर तरी राग काढावासा वाटतो आणि कोणावर काढायचा ते कळत नाही.

तुझ्यासाठी मेरी मॅकिलॉपचं उदाहरण देते, कारण तुझ्यासारखीच मुलांना शिकवायची ती. ऑस्ट्रेलियात गरिबांच्या पोरांसाठी शाळा काढणारी सिस्टर. १८७१ साली तिच्याच बिशपने तिला आज्ञाभंगाच्या नावाखाली चर्चमधून बहिष्कृत केलं. काही महिन्यांनी, मरायला टेकल्यावर, त्यानेच तो बहिष्कार उठवला. मधल्या काळात तिने दुसरा पंथ काढला नाही आणि आपलं काय चुकलं म्हणून कपाळही बडवून घेतलं नाही. २०१० मध्ये ती संत झाली. आता कुणी म्हणेल बघा, सहन केलं म्हणून संत झाली. नाही! आपल्याकडे बाईने गप्प बसावं असं वाटलं की लगेच संत बायकांचे दाखले देतात. सिएनाची कॅथरीन नम्र होती म्हणे. ती तिशीच्या आतली, मठातली नन सुद्धा नाही, आणि रोम सोडून फ्रान्समधल्या अविन्योंमध्ये जाऊन बसलेल्या पोपला पत्रांवर पत्रं लिहीत होती, लाडाने बाबा म्हणायची आणि त्याच पत्रात भित्रेपणा सोडा, रोमला परत या, म्हणून झाडायची. ११ वा ग्रेगरी १३७७ ला रोमला परतला. अशी नम्रता असेल तर मला चालते.

आणि हे काही बंड नाही बरं का, आपल्याच कायद्यात आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधलं कलम २१२ उघडून वाच, विश्वासणाऱ्यांना चर्चच्या हितासाठी आपलं मत मेंढपाळांना सांगायचा हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही आहे. हक्क आणि कर्तव्य दोन्ही लिहिलंय. आदराने सांगा असंही त्यातच आहे, तर तेवढा आदर ठेव, पत्रात शिव्या नकोत. आदर आणि भाबडेपणा यातला फरक तुला कळतो.

तुझ्या केसमध्ये मात्र माझ्या छताच्या पैशांपेक्षा गोष्ट फार मोठी आहे, म्हणून नीट वाच. तक्रार एका मुलावर झालेल्या अत्याचाराची आहे. तिथे आधी पोलीस, मग चर्च, आणि "आपल्या घरातली गोष्ट" वगैरे कुणी बोललं तर तिथून ऊठ. पोप फ्रान्सिसनी २०१९ मध्ये जो नियम काढला, वोस एस्तिस, त्यात प्रत्येक डायसिसला, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाला, तक्रार घ्यायची सोय उभी करायला सांगितलंय, बिशपने प्रकरण दाबलं तर बिशपचीही चौकशी होऊ शकते, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प बसायची अट घालता येत नाही. त्यामुळे "हे गोपनीय आहे" असं तुला सांगितलंय ना, ते तुला लागू नाही. शिवाय देशाचा कायदा जे सांगतो ते चर्चच्या नियमाने माफ होत नाही.

नियम कागदावरच राहतात म्हणशील. राहतात, खूपदा राहतात. पण चिलीचं बघ. २०१८ च्या जानेवारीत खुद्द पोप फ्रान्सिस बिशप बारोसच्या, एका फादरचे अत्याचार झाकल्याचा आरोप असलेल्या, बाजूने बोलले, पुरावा नाही, ही बदनामी आहे म्हणाले. पीडित मागे हटले नाहीत. मग चौकशीला माणूस पाठवला, एप्रिलमध्ये पोपनी पत्र लिहून आपला अंदाज गंभीरपणे चुकल्याचं कबूल केलं, आणि मे महिन्यात चिलीच्या सगळ्या बिशपांनी राजीनामे पुढे केले. त्या पीडितांमधला हुआन कार्लोस क्रूझ, ज्याला खोटारडा ठरवलं होतं, तो कॅथलिकच राहिला, आणि २०२१ मध्ये मुलांच्या संरक्षणासाठीच्या पोपच्या आयोगावर त्याला घेतलं. पोपपुढे सुद्धा तो दबला नाही. चर्च पोपच्याही नावावर नाही, हे त्याला आपल्या आधी कळलं होतं.

हे सांगताना एक बजावते. ज्या मुलावर हे ओढवलं त्याला किंवा त्याच्या आईला तू कधीही म्हणू नकोस की चर्च सोडू नका. तुला मी जे सांगतेय ते त्यांच्यासाठी नाही. त्यांना चर्चच्या पायरीवर उलटी येत असेल तर ते येणार नाहीत, देवाला ते कळतं, आपल्याला कळत नसेल तर आपण तोंड बंद ठेवावं. क्षमा करा म्हणून त्यांच्या दारात जाणाऱ्या प्रार्थना ग्रुपवाल्यांना तर मी... जाऊ दे.

तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पटापट देते. त्या फादरांच्या मिस्सेला जायलाच हवं का? नको जाऊस. रविवारचं बंधन कुठल्याही कॅथलिक चर्चमधल्या मिस्सेने पूर्ण होतं, आणि कन्फेशनला कोणाकडे जायचं हे तू ठरवतेस, पॅरिश नाही. काही महिने दुसरीकडे जा, श्वास घे. दानपेटीत पैसे टाकायचे का? चर्चचा खर्च उचलणं आपलं काम आहे हे मी सोडणार नाही, पण कशासाठी ते लिहून, पावती घेऊन दे, किंवा सरळ गरजूला दे. रिकाम्या हाताने आणि गप्प तोंडाने मात्र राहू नकोस.

एक गोष्ट मला लिहायची नव्हती पण लिहिते. माझा मुलगा आता चर्चला जात नाही. एकदा म्हणाला, आई, लहानपणापासून जेवताना तुझ्या तोंडून फादर काय म्हणाले, कमिटीने काय खाल्लं, हेच ऐकलं, येशूबद्दल तू कधी बोललीस? मी चिडले. म्हटलं, मी भांडले ते येशूसाठीच ना! आजही तेच म्हणते. पण तू कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, पोरांना शिकवतेस, आणि त्यांना काय सांगू असं विचारलंयस, म्हणून सांगते. पोरांना येशू शिकव, फादरांचं प्रकरण वर्गात नको. फक्त एवढं शिकव की कुठल्याही मोठ्या माणसाने, झगा घातलेला असला तरी, नकोसं काही केलं तर आईबाबांना सांगायचं आणि तुला सांगायचं, आणि कोणी "देव रागावेल" म्हणालं तर ते खोटं आहे. हे फर्स्ट कम्युनियनच्या आधी शिकव, नंतर नाही. आणि वर्ग सोडू नकोस. तू गेलीस तर तो वर्ग ते कोणाला देतील हे तुलाही माहितीये.

बिशपना पत्र लिही. दोन पानं, जास्त नको. तुला काय माहितीये आणि कधी कळलं तेवढंच, ऐकीव काही नाही, अंदाज नाही, आणि शेवटी तीन प्रश्न ज्यांची उत्तरं हो-नाहीत देता येतील: पोलिसांना कळवलंत का, त्या फादरला मुलांपासून दूर ठेवलंय का, आधी कोणाला माहिती होतं याची चौकशी होणार का. निनावी पाठवू नकोस, निनावी पत्र केराच्या टोपलीत टाकायला त्यांना बरं पडतं. पोच घे. उत्तर नाही आलं तर महिन्याने त्याच पत्राची प्रत जोडून परत, आणि मग आर्चबिशपना.

आधी ड्राफ्ट मला पाठव. "तुम्हाला लाज वाटायला हवी" छापाची वाक्यं असणारच, ती मी खोडते. सही तुझी, आणि खाली माझीही घालायची असेल तर सांग, माझं नाव त्यांच्या ऑफिसात चांगलंच ओळखीचं आहे.

तुझी,
टीचर