क्लायंबिंग की नवरा?

“मॅडम, आमच्या आवडीच जुळत नाहीत. पुढे कसं निभणार?” लग्न ठरलेलं जोडपं समुपदेशनाला आलं की हे वाक्य पहिल्या पंधरा मिनिटांत हमखास येतं. एकाला पहाटे उठून डोंगर गाठायचा असतो, दुसऱ्याला रविवारी दहापर्यंत लोळायचं असतं. एकाला तर्रीदार मिसळ हवी, दुसऱ्याला वरणभात. स्थळांच्या माहितीत ‘आवडीनिवडी’चा रकाना पूर्वीपासून आहेच, आता त्यात ‘हे की ते’ या खेळाची भर पडली आहे. चहा की कॉफी, डोंगर की समुद्र, पैसे जमवायचे की फिरायचं? फटाफट उत्तरं द्यायची आणि किती जुळली ते मोजायचं. खेळ मजेचा आहे, मी स्वतः सत्रात वापरते. पण त्यातल्या गुणांवरून लग्नाचा निकाल लावायला माणसं बसली की अवघड होतं.

पुढची केस दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे. नावं देत नाही, ‘ती’ आणि ‘तो’ पुरे.

ती क्लायंबर. २०१६ साली नवी मुंबईत बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढण्याच्या, विश्वचषकाचा एक टप्पा झाला, तो बघायला कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर गेली आणि तिथून जी चिकटली ती चिकटलीच. आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी भिंतीवर सराव, हंगामात सुटी मिळाली की खरा कातळ. तो सीएच्या ऑफिसात. शांत, नीटनेटका, जुन्या गाण्यांचा शौकीन. स्थळ सांगून आलेलं, सहा महिने भेटीगाठी, मग साखरपुडा.

साखरपुड्याच्या संध्याकाळी भावंडांनी दोघांना पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवलं आणि हातात लाल-हिरव्या पाट्या दिल्या. माइक त्याच्या मामेबहिणीकडे. चहा की कॉफी? त्याचा चहा, तिची कॉफी. लिफ्ट की जिना? तंबू की हॉटेल? बोनस मिळाला तर नवे क्लायंबिंगचे बूट की नवा सोफा? प्रत्येक वेळी पाट्या उलट्या आणि प्रत्येक वेळी हशा वाढलेला. शेवटी मामेबहिणीने माइक तिच्या तोंडाशी नेला, “वहिनी, क्लायंबिंग की नवरा?” ती हसत म्हणाली, “क्लायंबिंग!” शिट्ट्या पडल्या. त्याच्या आईने हातातली आइस्क्रीमची वाटी अर्धवट खाली ठेवली.

त्यानंतर आठवडाभर तो फक्त ‘जेवलीस का’ एवढंच विचारत राहिला. मग तिने सरावाचा एक फोटो टाकला. त्यात तिच्या बोटात अंगठी नव्हती. झालं, दोघं माझ्यासमोर.

“विनोद मलाही कळतो, मॅडम,” तो म्हणाला. “पण तिथे आमचे काका होते, शेजारी होते, ऑफिसातले सर होते. आणि वर आठ दिवसांत अंगठी काढून ठेवली.”

“अरे, मग काय म्हणायला हवं होतं मी? ‘नवरा’ म्हटलं असतं तर तुझ्या मावशीने लगेच जाहीर केलं असतं, बघा, आता डोंगर बंद!”

मी अंगठीचं विचारलं. तिने हात टेबलावर ठेवला. बोटांच्या पेरांवर घट्टे, मधल्या बोटाला गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी, नखांच्या कडेला धुऊनही न गेलेलं चॉक, म्हणजे हात कोरडे राहावेत म्हणून लावायची पांढरी पूड. अनामिकेवर अंगठीचा अगदी पुसट वळ. ती सांगत होती, आणि माझ्यापेक्षा तोच जास्त लक्ष देऊन ऐकत होता. अंगठी घालून पकड घेतली आणि पाय सटकला, तर अंगठी कपारीत नाहीतर भिंतीवरच्या होल्डच्या, म्हणजे पकडायच्या खुंटीच्या, कडेला अडकू शकते आणि सगळ्या शरीराचा भार त्या एका बोटावर येतो. कातडी सोलवटून निघते, कधी बोटच जातं. म्हणून चढण्याआधी अंगठ्या, कडी, बांगड्या उतरवायच्या, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. तिची अंगठी सरावाच्या वेळी बॅगेत, आजीच्या कुंकवाच्या चांदीच्या करंड्यात असते. करंडा तिने काढून दाखवला.

“हे तू मला सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस.”

(या दोन वाक्यांवर माझी निम्मी प्रॅक्टिस चालते.)

अंगठीचा गुंता असा सुटला, पण ‘क्लायंबिंग की नवरा’ तसाच राहिला होता. तो प्रश्नच मला आवडला नव्हता आणि ते मी दोघांना सांगितलं. काहीही उत्तर दिलं तरी कुणाचा तरी अपमान ठरलेला. चहा की कॉफी यात निवड आहे. माणूस आणि छंद एका तागडीत घातले की ती परीक्षा होते, तीही चारचौघांत. शिवाय तो तिच्या पाठीला पाठ लावून बसला होता. तिचा हसरा चेहरा सगळ्या हॉलला दिसला. त्याला फक्त शब्द ऐकू आला.

म्हणून त्याला विचारलं, “त्या उत्तरात तुम्हाला काय ऐकू आलं?” बराच वेळ तो पाण्याच्या ग्लासाशी खेळत राहिला. मग म्हणाला, “मी एकदा तिला पडताना पाहिलंय.”

पुण्याजवळच्याच एका कातळावर ती त्याला मोठ्या हौसेने घेऊन गेली होती. ती लीड करत होती, म्हणजे दोर वरून बांधलेला नव्हता. चढता चढता वाटेत कातळात ठोकलेल्या बोल्टमध्ये दोर अडकवत जायचा. अशा चढाईत शेवटचा बोल्ट तुमच्या दोन मीटर खाली असेल आणि हात सुटला, तर तुम्ही त्या बोल्टच्याही दोन मीटर खाली जाता. म्हणजे चार मीटर, शिवाय दोरातली ढील आणि ताण वेगळा. हे आधीच हिशोबात धरलेलं असतं, दोर आणि हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) त्यासाठीच असतात. ती दोराला लोंबकळत हसली, खालच्या मैत्रिणीला काहीतरी ओरडून म्हणाली आणि पुन्हा चढायला लागली. तिच्या दृष्टीने नेहमीचीच गोष्ट. त्याने मात्र आपल्या होणाऱ्या बायकोला दीड मजला खाली येताना पाहिलं होतं. त्या रात्री तो झोपला नव्हता, आणि हे तिला कळू नये म्हणून सकाळी त्याने ‘मस्त मजा आली’ असा मेसेज पाठवला होता. तेव्हापासून ‘क्लायंबिंग’ म्हटलं की त्याला ते पडणंच दिसायचं. हॉलमध्ये त्याने जे ऐकलं, ते या भीतीच्या कानांनी.

तिला हे अजिबात ठाऊक नव्हतं. तिची समजूत अशी, की त्याला कंटाळा येतो.

आवडी जुळण्याच्या काळजीबद्दल इथेच सांगून टाकते. मानसशास्त्रज्ञ मोंटोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ३१३ अभ्यास एकत्र करून पाहिले. नवी ओळख होताना खरोखरचं साम्य ओढ वाढवतं. पण नातं जमलेल्या जोडप्यांत खऱ्या साम्याचा असर जवळजवळ उरत नाही, ‘आपण सारखे आहोत’ असं वाटण्याचा मात्र उरतो. आता हे वाटणं येतं कुठून? माझ्या अनुभवात, समोरच्याची आवड आपली नसली तरी ती त्याला का आहे हे कळलं की येतं. कॉफी न पिणारा माणूस बायकोची कॉफी बरोबर करून देतो, तेव्हा त्या घरात चहा-कॉफीचा प्रश्नच उरलेला नसतो.

पुढच्या भेटीत मी तोच खेळ पुन्हा मांडला, नियम बदलून. प्रेक्षक नकोत. समोरासमोर बसायचं. प्रश्न दोघांनी एकमेकांसाठी लिहून आणायचे, उत्तर ऐकण्याआधी ते काय असेल याचा अंदाज सांगायचा, आणि ‘अवलंबून आहे’ हे उत्तर चालेल, पण कशावर ते सांगावं लागेल.

त्याने गुगलून प्रश्न आणले होते, याचं मला कौतुक वाटलं. “बादामी की हंपी?” त्याचा अंदाज हंपी, कारण फोटो तिथलेच जास्त. ती म्हणाली बादामी, आणि मग सुटलीच. हंपीला ग्रॅनाइटचे गोटे, तिथे दोराशिवाय, खाली गादी टाकून बोल्डरिंग. बादामीला लाल वालुकाश्माचे उभे कडे, बोल्ट मारलेले, तिथे दोर आणि जोडीदार लागतो. “मला जोडीदार लागतो,” ती म्हणाली. पुढचा प्रश्न आणखी चांगला होता, “चढणं की बिले देणं?” बिले म्हणजे खाली उभं राहून दुसऱ्याचा दोर सांभाळणं. त्याने डोळे मिटून ‘चढणं’ सांगितलं. तिचं उत्तर बिले. रविवारचा निम्मा वेळ ती मान वर करून, कुणाचा तरी जीव हातात धरून उभी असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. चढण्याआधी ती आणि तिची चढाईतली जोडीदार एकमेकींची गाठ, हार्नेसचं बक्कल, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक तपासतात, “बिले ऑन?” विचारल्याशिवाय पाय उचलत नाहीत, हे ऐकल्यावर तो जरा सैलावला. हिशोब तपासणारा माणूस तो. दुसऱ्याने तपासलं की त्याला बरं वाटतं.

तिची चिठ्ठी, “रविवारी सकाळी झोप की सिनेमा?” अंदाज झोप. तो म्हणाला, दोन्ही नाही. वडील निवृत्त झाल्यापासून दर रविवारी तो त्यांना घेऊन मंडईत जातो, येताना दोघं कटिंग पितात, आणि वडील आठवड्यात जेवढं बोलत नाहीत तेवढं त्या तासात बोलतात. ती त्याला सहा महिने ‘लोळ्या’ म्हणून चिडवत होती.

मग मी माझा एक प्रश्न टाकला. “लग्नानंतर ती हे सोडेल असं तुम्हाला वाटतं?”

“आईला वाटतं.”

“तुम्हाला?”

तो थांबला. “मूल झाल्यावर… सोडेलच ना.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “तू ठरवूनच ठेवलंयस?”

“ठरवलं नाही गं. गृहीत धरलं.”

त्या दिवशी बाकी काही झालं नाही आणि व्हायलाही नको होतं. मिसळ-वरणभात न जुळल्याने मोडलेलं लग्न मी पाहिलेलं नाही. ‘नंतर बदलेल’ या आशेवर उभी राहिलेली आणि पुढे कडवट झालेली घरं मात्र पाहिली आहेत. म्हणून मी सांगितलं, पत्रिका छापायला टाकण्याआधी हे बोलून घ्या. माझ्यासमोरच असं नाही, घरीही चालेल.

ते बोलले. रडारडही झाली. तिचं म्हणणं होतं, गरोदरपणात लीड करायची नाही हे मलाही कळतं. पण नंतर मी परत येणार, आणि कधी ते डॉक्टर आणि माझं शरीर ठरवेल, तुझी आई नाही. तो म्हणाला, “मला भीती वाटली तर चालेल ना?” ती म्हणाली, “वाटू दे की. बंदी घालू नकोस.”

बाकीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या निघाल्या. सह्याद्रीतलं क्लायंबिंग पावसाळ्यात बंदच असतं आणि उन्हाळ्यात कातळ तापतो, तेव्हा वर्षाचे सगळे रविवार डोंगरात जात नाहीत. हंगामातलाही महिन्यातला एक रविवार तिने मोकळा ठेवला. मंडईला तीही जाते. निघताना कुठे, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत, एवढा मेसेज. रेंज नसली तर किती वाजेपर्यंत थांबायचं आणि मग कुणाला फोन करायचा, तेही लिहून ठेवलं. त्याने तिची अपघात विम्याची पॉलिसी मागवली, बारीक टाइप वाचला आणि विजयी चेहऱ्याने दाखवलं की साहसी खेळ त्यात वगळलेले आहेत. अशी कलमं बऱ्याच पॉलिसींत असतात, ज्यांच्या घरी ट्रेकर-क्लायंबर आहेत त्यांनी जरूर तपासावं. आता तो जादा संरक्षण देणारी पॉलिसी शोधतो आहे आणि मला वाटतं, त्या कामात तो मनापासून सुखी आहे.

“मग मीही क्लायंबिंग शिकू का?” असं त्याने विचारलं होतं. हा प्रश्न बहुतेक जोडपी या ना त्या रूपात विचारतात. मी म्हटलं, इच्छा असेल तर शिका, परीक्षा म्हणून नको. तो एकदा भिंतीवर चढला, अर्ध्यावरून उतरला, आवडलं नाही म्हणाला. तिने हसून सोडून दिलं. बिले शिकायची मात्र त्याला ओढ वाटते आहे. ते प्रेमापोटी एका संध्याकाळी शिकायचं काम नाही, रीतसर प्रशिक्षकाकडे जा, असं मी आणि तिने एकाच वेळी म्हटलं.

अंगठीचं त्याच्या आईला त्यानेच समजावलं. त्यांचा पुढचा प्रश्न अर्थातच मंगळसूत्राचा होता, आणि त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

मुलानंतरचं काय, यावर दोघांचं पूर्ण एकमत झालेलं नाही. सिएटलला वर्षानुवर्षं जोडप्यांचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के मतभेद कधी पुरते मिटतच नाहीत. हा आकडा मी त्यांना सांगितला तेव्हा त्याने विचारलं, “म्हणजे आमचा कोणत्या गटात?” मी म्हटलं, बहुधा ६९च्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पत्रिकेचा नमुना मला दाखवायला काढला. दिवाळीनंतर ते पुन्हा येणार आहेत. त्या वेळी त्याच्या आईलाही आणू का, असं तिने विचारलंय. जरूर आणा म्हटलं आहे.