गिअरबॉक्स व्हीआरमध्ये अडखळतोय

प्रश्न: गिअरबॉक्सची सीएडी असेंब्ली (संगणकावर काढलेली, सगळे भाग जोडलेली त्रिमितीय रचना) एफबीएक्स (त्रिमितीय फाइलचा एक प्रकार) करून युनिटीत (व्हीआर दृश्यं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आणली, तर ती घराएवढी दिसते, आणि व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट लावून मान वळवली की चित्र अडखळतं, चक्कर येते. काय करू?

उत्तर: मोठं दिसण्याचं सोपंय, सीएडीत माप बहुतेकदा मिलिमीटरमध्ये असतं आणि युनिटीत १ युनिट म्हणजे १ मीटर, त्यामुळे एक्सपोर्ट करतानाच माप मीटरमध्ये बदलून घ्या (१ मिलिमीटर म्हणजे ०.००१ मीटर).

खरं दुखणं अडखळण्याचं आहे. सीएडीत वक्र पृष्ठभाग गणिती सूत्राने साठवलेला असतो, व्हीआरला मात्र त्रिकोणांची जाळी लागते, आणि सेकंदाला ९० फ्रेम्स (चित्रं) हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात, त्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं काढायची! एकेका बोल्टचे आटे जवळून बघा, हजारो त्रिकोण तिथेच खर्च होतात आणि दिसत तर काहीच नाही. आटे काढून साधा दंडगोल ठेवा, केसिंगच्या आतलं न दिसणारं सगळं उडवा, एकसारखे बोल्ट एकाच मेशचे (जाळीचे) इन्स्टन्स करा, म्हणजे एकच जाळी सगळीकडे वापरा. गिअरच्या दातांना मात्र हात लावू नका हं, बघायचंय तेच. आणि मूळ सीएडी फाइल जपून ठेवा, जाळीवरून अचूक मापं परत मिळत नाहीत.