वेब सर्व्हरच्या डॉक्युमेंटेशनमधल्या गोंधळात टाकणाऱ्या संज्ञा सुधारायच्या कशा?

नावांना हात लावू नका, त्यांच्याखालची वाक्यं बदला. टीममधली नवी पोरं अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या संज्ञांना अडखळतात असं तुम्ही लिहिलंय. पोरांचं सोडा, आमचे सिनियर अडखळले होते.

लातूरला औसा रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मी होस्टिंग बघायचो. अपाचे २.२ चा काळ. ॲडमिशनच्या गर्दीत एका क्लासचं ॲडमिन पान फक्त त्यांच्या ऑफिसच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, उघडावं असं ठरलं. त्या सिनियर सरांनी कॉन्फिगरेशन फाइलीत लिहिलं 'ऑर्डर अलाउ,डिनाय' (अलाउ म्हणजे परवानगी, डिनाय म्हणजे नकार), खाली ऑफिसचा आयपी अलाउ आणि त्याखाली 'डिनाय फ्रॉम ऑल'. झालं! बाहेरचे बंद, ऑफिसही बंद. क्लार्क फोनवर, "सर, पान उघडंना गेलंय, पालक बसलेत समोर." सर्व्हरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, एकच रड, 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन'. सर अलाउची ओळ कधी वर नेत, कधी खाली आणत आणि दर वेळी रीस्टार्ट मारत. मधेच स्वल्पविरामानंतर स्पेस पडली, तर अपाचे उठेचना.

मी म्हटलं, सर, ओळी कुठंही ठेवा, काही होणार नाही. हा क्रम फाइलीतला नाही, तपासणीचा आहे. 'अलाउ,डिनाय' लिहिलं की डिनाय शेवटी तपासतात. आयपी दोन्हींत बसला तरी नकार, कशातच नाही बसला तरी नकार. 'डिनाय,अलाउ' करा, चालू होईल.

"डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं दिलंय. मला शिकवूलालास का?"

मग सरांनी गुपचूप तेच केलं, ते वेगळं.

दिलंय हे खरंच. फक्त अलाउत बसला, फक्त डिनायमध्ये, दोन्हींत, कशातच नाही, असा तक्ताही त्या पानावर आहे, पण परिच्छेद तुडवल्यावर. तो सगळ्यांत वर हवा, एवढंच माझं म्हणणं होतं. सर म्हणायचे, ज्याला वाचायचं तो वाचतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये २.४ आलं आणि खुद्द अपाचेवाल्यांनीच हे सगळं 'मॉड_ॲक्सेस_कॉम्पॅट' या जुन्या ओळींसाठीच्या मॉड्यूलमध्ये ढकलून या कामाला 'रिक्वायर' लावलं. 'रिक्वायर आयपी' आणि पुढं आयपी, विषय संपला. वाचणाऱ्याचा दोष होता तर त्यांनी एवढा खटाटोप कशाला केला असता?

तेव्हा प्रत्येक संज्ञेखाली आधी लिहा: रिक्वेस्ट कुठून आली, सर्व्हरनं काय तपासलं, काय परत दिलं. व्याख्या नंतर. पानाची प्रत साठवण्याबद्दल सर्व्हर ब्राउझरला जी 'नो-कॅश' सूचना देतो, तिचंही तसंच. लोकांना वाटतं साठवूच नका. प्रत्यक्षात साठवा, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचारा. साठवायचंच नसेल तर 'नो-स्टोअर'.

हां, जुनी नावं खोडू मात्र नका, लोक सर्चमध्ये तीच टाकतात. 'ऑर्डर' आणि 'रिक्वायर' एकाच फाइलीत मिसळू नका. आणि क्लायंटकडं स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी आहे का ते आधी विचारा, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पुन्हा फोन.